काटकसर सुरू होते ती तुमच्याच ताटापासून

पत्र थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या आहेत. गाव लातूर जिल्ह्यातलं, गेली काही वर्षं राहायला पिंपरी-चिंचवडमध्ये, भाड्याच्या एका खोलीत. नवरा एजन्सीमार्फत सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक. रोज १२ तास ड्यूटी, महिन्याला साडेबारा हजार, सुट्टी घेतली की खाडा. ताई पॅकिंगच्या कामाला जातात, तिथे साडेसात हजार मिळतात. मुलगी सातवीत, मुलगा चार वर्षांचा. भाडं ५,५००, वीज ७००, मुलीची फी १,०००, मुलाच्या नर्सरीचे ७००, पेट्रोल १,२००, दोन फोनचे रिचार्ज ६००, गावी सासू-सासऱ्यांना १,५००. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी फायनान्सवाल्यांच्या गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता महिन्याला ४,३००. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार खात्यात येतात आणि त्या हप्त्यातच जातात. गॅस, औषधं, साबण-सोडा असे दोन हजार बाजूला काढले की खाण्यासाठी ४,००० उरतात.

२० तारखेच्या आसपास डबे रिकामे होतात. मग दुकानदाराची वही. मुलांच्या दुधात पाणी वाढतं, वरण पातळ होतं, आणि ताई सगळ्यांच्या शेवटी, ‘उरलं तर’ जेवतात. कामावर झालेल्या तपासणीत त्यांचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. रेशन कार्डावरची चौघांची नावं अजून गावी, सासऱ्यांच्या कार्डावर आहेत आणि ते धान्य दीर उचलतात. नवरा म्हणतो, ‘मी नोकरी करतो, रेशनच्या रांगेत उभं राहायला भिकारी नाही.’ सासूबाई म्हणतात, ‘बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाऊन दिवस काढले, तुम्हाला दोन पगार असून पुरत नाही?’

ताई विचारतात: बचत गटातून १५,००० काढून वर्षाचं धान्य भरून टाकू का? संध्याकाळी दोन घरच्या पोळ्या धरू का? मुलाला नर्सरीतून काढून अंगणवाडीत घालू का? आणि शेवटी एक ओळ: ‘मला संसारच करता येत नाही, असं वाटायला लागलंय.’

उत्तर

ताई, बाकीचं नंतर बोलू. आधी ते ८.४.

तुम्ही पत्रात हा आकडा जाता जाता लिहिलाय, वीजबिलाच्या शेजारी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं. ८.४ म्हणजे चक्कर येणं, जिना चढताना धाप लागणं, मुलांवर उगाच खेकसणं हे सगळं रक्ताचं दुखणं आहे, स्वभावाचं नव्हे. बीट, खजूर, गूळ खाऊन हे भरून निघत नाही, कुणी कितीही सांगो. त्याला लोहाच्या गोळ्या लागतात आणि त्या महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. डॉक्टरांना पाळीत रक्तस्राव जास्त होतो का तेही सांगा, जंताचं औषध लागेल का विचारा. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, थोडं अडल्यासारखं होतं, घाबरून बंद करू नका. आकडा वर आला तरी डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत गोळ्या चालू ठेवायच्या. मुलगी सातवीत आहे, तिच्या शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात का तेही विचारा. नसतील देत तर तुमच्या भागातल्या आशाताईंना गाठा.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. संध्याकाळच्या पोळ्या सध्या नकोत. आठ तास पॅकिंग, घरचा स्वयंपाक, धुणीभांडी आणि वर दोन घरच्या मिळून चाळीस पोळ्या, हे ८.४ वर करायचं काम नाही. तुम्ही आजारी पडलात तर साडेसात हजारही जातील. दोन-तीन महिन्यांनी रक्त सुधारलं की पोळ्यांचा विचार वेगळ्या तऱ्हेने करता येईल, त्याकडे मी शेवटी येते.

आता संसाराचं. तुमचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. ४,००० रुपये, ३० दिवस, चार माणसं. दिवसाला १३३ रुपये, माणशी ३३. त्यात दूध आलं, तेल आलं, मिठापासून मिरचीपर्यंत सगळं आलं. मग तुमच्या मिस्टरांचा हिशेब मांडला. १२ तास, ३० दिवस, म्हणजे ३६० तास. साडेबारा हजाराला भागलं तर तासाला ३५ रुपयेही पडत नाहीत. एक तास गेटवर उभं राहिलं की घरातल्या एका माणसाचं दिवसभराचं खाणं निघतं, असा हा पगार आहे. या पैशांत २० तारखेपर्यंत चौघांना दोन वेळ जेवू घालणारी बाई संसारात कच्ची नाही. पुरत नाही, कारण पैसाच कमी आहे. सासूबाईंना हे वाक्य जसंच्या तसं ऐकवायची गरज नाही, पण तुम्ही स्वतः ते मनाशी पक्कं करा.

तरीही तुमच्या हिशेबात एक गोष्ट मला खटकली. तुमच्या घरात आधी भाडं जातं, मग हप्ता, मग फी, मग गावचे पैसे, आणि उरेल त्यात स्वयंपाक. हे असं का होतं ते उघड आहे. घरमालक दारात येतो. हप्त्याच्या दिवशी गटातल्या बाया येऊन बसतात. शाळेतून फोन येतो. पोटाच्या बाजूने दारात येऊन उभं राहणारं कुणी नाही, म्हणून दर महिन्याला थांबायला सांगायचं ते पोटालाच. त्यातही तुमच्या.

१९७१ मध्ये इथेच पुण्यात, गोखले संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी गरिबीचा हिशेब मांडला. तेव्हा त्यांनी सुरुवात कुठून केली, तर माणसाच्या पोटात दिवसाला २,२५० कॅलरी जायला किती पैसे लागतात इथून. १९६०-६१ च्या भावाने त्यांचं उत्तर शहरात माणशी महिना साधारण साडेबावीस रुपये आलं. आकडा आता जुना झाला, पण सुरुवात त्यांनी खाण्यापासून केली होती. तुम्हीही हिशेब तिथून सुरू करून बघा. पगार झाला त्या दिवशी किराणा, दूध आणि गोळ्या-औषधांचे पैसे पहिले बाजूला. बाकीच्यांशी बोलता येतं, थोडं थांबवता येतं, हप्त्याचे नियमही पाहता येतात. सगळं जमेलच असं नाही, पण आजवर तुम्ही त्यांना विचारूनच पाहिलेलं नाही.

हप्त्याबद्दल एवढं माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशी छोटी कर्जं घेणाऱ्या घरात सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर यायचं किंवा फोन करायचा नाही. तुमचा हप्ता निम्म्याच्या बराच आत आहे, म्हणजे कंपनीने नियम मोडलेला नाही. पण हे फिटेपर्यंत दुसरं कर्ज अंगावर घ्यायचं नाही. ‘टॉप-अप देतो’ म्हणत माणूस येईल. त्याला चहा द्या, सही देऊ नका.

धान्य भरायचं का?

वर्षाचं धान्य भरून ठेवलं की बाईला जीवात जीव आल्यासारखं वाटतं, हे मी समजू शकते. चैत्र-वैशाखात गच्चीवर गहू वाळत घालायचे, कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरायची, आपल्याकडच्या प्रत्येक आईने हे केलंय. पण त्या घरात कोठीला जागा होती आणि धान्य घ्यायला रोख पैसे होते. तुमच्या खोलीत पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तुम्हीच लिहिलंय. पोरकिडा लागला तर अख्खं पोतं जातं.

आणि व्याज. बचत गट महिना दोन टक्के घेतो असं धरू. १५,००० वर्षभरात फेडले, दर महिन्याला मुद्दल कमी होत गेलं, तरी व्याजाचे साधारण १,९५० जातात. एकदम घेतल्याने किलोमागे जे चारपाच रुपये वाचणार ते त्यात संपतील. शिवाय महिन्याला मुद्दलाचाच १,२५० चा नवा हप्ता लागेल, म्हणजे खाण्याच्या ४,००० मधून निदान तेवढे आणखी कमी. माझं उत्तर नाही असं आहे.

त्यापेक्षा गटाचा उपयोग वेगळा करा. पाचसहा बायका मिळून मार्केट यार्डातून किंवा होलसेल दुकानातून डाळ, शेंगदाणे आणि तेलाचा डबा आणा आणि तोलून वाटून घ्या. कर्ज नको, वर्गणी काढा. गरिबाला सगळंच महाग पडतं ते पाव किलो आणि दहा रुपयांच्या पुडीमुळे. तेल, शाम्पू, चहा पावडर, मसाला, कुठलीही पुडी किलोच्या भावाशी ताडून बघा. दुकानदाराच्या वहीचंही तेच आहे. वहीवर घेताना भाव विचारायची सोय राहत नाही. ती वही दोन-तीन महिन्यांत शून्यावर आणणं हे धान्य भरण्यापेक्षा मोठं काम आहे, आणि ते कसं जमेल हे रेशनवर अवलंबून आहे.

रेशन, दीर आणि मिस्टरांचा मान

सासूबाईंनी मिलोचा विषय काढला ते बरं झालं. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, आणि ती मिळायची सरकारी धान्याच्या दुकानात. बहात्तरच्या दुष्काळात लोक तलावाच्या आणि रस्त्याच्या कामांवर गेले, मुलांना सुकडी मिळाली. त्या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ मध्ये. लाखो स्वाभिमानी शेतकऱ्यांनी तेव्हा सरकारी धान्य खाल्लं आणि सरकारी कामावर दगड फोडले. त्यांना कुणी भिकारी म्हणालं नाही. मिस्टरांना हे त्यांच्या आईच्याच तोंडून ऐकू द्या. तुम्ही सांगितलंत तर भांडण होईल. आईने सांगितलं तर ती आठवण असेल.

आणि मिस्टरांची एक गंमत पाहा. रेशन नको म्हणतात, पण त्यांच्या नावाचं धान्य दर महिन्याला उचललं जातंच. फक्त ते गावी जातं. तुमच्या चौघांचं माणशी ५ किलो, म्हणजे २० किलो. २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. वर तुम्ही गावी १,५०० रुपये पाठवता. दिरांनी हे लबाडीने केलं असं मी म्हणत नाही. कुटुंबातल्या एकाने अंगठा लावला की सगळ्यांचं धान्य मिळतं, कुणी हटकलं नाही, चालत राहिलं. बहुतेक घरांत असंच होतं.

‘एक देश एक रेशन कार्ड’ या सोयीमुळे तुम्ही तुमच्या वाट्याचं धान्य चिंचवडच्या रास्त भाव दुकानातून घेऊ शकता. त्यासाठी कार्ड इकडे आणावं लागत नाही, नावही कमी करावं लागत नाही. कार्डाचा १२ अंकी नंबर आणि आधार घेऊन जायचं, अंगठा लावायचा. त्या महिन्यात तुम्ही जेवढं उचलाल तेवढं गावाच्या वाट्यातून वजा होतं, बाकीचं ते उचलू शकतात. म्हणूनच आधी दिरांशी बोलणं भाग आहे, नाहीतर तिकडे धान्य कमी मिळालं की फोनवर वाद. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणाला तर १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार होते.

हे बोलणं मिस्टरांनी करावं, तुम्ही नाही. ‘आमचं धान्य तू खातोस’ असं म्हटलं तर संपलंच. ‘भाऊ, पुढच्या महिन्यापासून आमच्या चौघांचं इथेच उचलतो. आई-दादांचं आणि तुमचं तिकडे चालू ठेव.’ एवढं पुरे. दिरांची खरंच ओढाताण असेल तर मधला मार्ग काढा: धान्य तिकडेच राहू दे, पण १,५०० चे १,००० करा आणि शेतातली तूर-ज्वारी निघाली की एक पोतं एसटीत टाकून पाठव म्हणा. लातूरकडची तूर इथे किलोने विकत घेणं जिवावर येतं, हे मी तुम्हाला काय सांगणार.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण ती लपवून सल्ला देणं बरोबर नाही. या मोफत धान्याची उत्पन्नमर्यादा शहरात वर्षाला ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० आहे. ५९,००० म्हणजे महिना पाच हजारही नाही. शहरात पूर्णवेळ काम करणारा कुठलाही माणूस या रेषेच्या वर जातो, मग तो अर्धपोटी का असेना. तुमची नावं गावच्या कार्डावर आहेत म्हणून धान्य मिळतंय. उद्या कार्ड विभक्त करून इथे घेतलंत तर तुमचं उत्पन्न वेगळं मोजलं जाईल आणि धान्य बहुधा बंद होईल. तहसीलकडून पडताळणी आली आणि नावं कमी झाली तरी तेच. खोटा दाखला काढू नका, विचारलं तर खरं सांगा. ती रेषा चुकीच्या जागी आहे असं माझं मत आहे, पण म्हणून तुम्ही अडचणीत येऊ नये. आज नाव चालू आहे तोवर तुमच्या वाट्याचं धान्य तुम्ही घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

कार्ड सांभाळून ठेवा याला आणखी एक कारण. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठल्याही रंगाच्या कार्डावर यादीतल्या रुग्णालयांत, यादीतल्या शस्त्रक्रियांसाठी वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. सासऱ्यांच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही वाटतं. यापुढे घरात कुणालाही ॲडमिट करायची वेळ आली तर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’ला शोधा.

नर्सरी की अंगणवाडी

अंगणवाडी. यात मला फारसा विचार करावा लागला नाही. चार वर्षांच्या मुलाला तिथे ताजं शिजवलेलं खाणं मिळतं, वजन-उंची मोजतात, लसीकरणाची आठवण करून देतात. ‘ए फॉर ॲपल’ तिथे कमी शिकवतील, ते मोठी बहीण घेईल शिकवून घरी. मात्र आधी तुमची अंगणवाडी स्वतः जाऊन, खिचडीच्या वेळेला बघा. काही उत्तम चालतात, काहींना कुलूप असतं. मुलीची शाळा मात्र मध्येच बदलू नका. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं हे खरं, पण सातवीतल्या पोरीच्या मैत्रिणी आणि शिक्षक मोडून वर्षभराचं जेवण मिळवणं मला पटत नाही.

ताटाकडे

लातूरच्या बाईला स्वयंपाक शिकवायला मी बसलेली नाही. शिळ्या भाकरीचा काला आणि चपातीचा कुस्करा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करत असाल. फक्त पैसे कुठे जातात ते बघू.

तुमच्या ताटात पोट भरणारं आहे, अंगाला लागणारं कमी आहे. सकाळी चहा-टोस्ट, डब्यात चपाती-बटाटा, रात्री भात आणि पातळ वरण. शहरात भूक मारायचं काम चहा करतो, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहा सोडा असं सांगणार नाही, एवढी एकच चैन आहे. जेवणानंतर तासाभराने घ्या.

तुरीचा हट्ट निम्मा करा. तूर आणि मसूर अर्धी-अर्धी घेऊन वरण करा. मसूर बरीच स्वस्त पडते आणि लवकर शिजते, गॅसही वाचतो. हरभरे, मटकी, हुलगे भिजवून मोड आणले की एका वाटीची दीड-दोन वाट्या उसळ. हुलग्याचं माडगं तुमच्याकडचंच. आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या घ्या: शंभर ग्रॅम वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तुरीत बावीसच्या आसपास, आणि वड्या तुरीपेक्षा महागही नाहीत. मुलांना आवडत नसतील तर किसून पोह्यांत किंवा पराठ्यात घाला. अर्ध्या लिटर दुधाला जे पैसे पडतात त्यात चार अंडी येतात. अंडं चालत असेल तर पाणी घातलेल्या दुधापेक्षा एक उकडलेलं अंडं मुलाला द्या आणि दूध चहापुरतं आणा. शेंगदाण्याची, जवसाची चटणी रोज ताटात हवी, दोन चमचे, नुसती तोंडी लावण्यापुरती नव्हे.

भाजी रात्री आठनंतर, बाजार उठताना आणा, वाटे स्वस्त होतात. तांदुळजा, माठ, राजगिरा, मुळ्याचा पाला. फ्लॉवरची कोवळी पानंही फेकू नका. वर लिंबू पिळा. ज्वारीचं मात्र आता उलटं झालंय. एकेकाळी गरिबाची भाकरी, आता हॉटेलच्या थाळीत मिरवते. गावाकडून आली तर खा, विकत घेऊन हट्ट धरू नका.

रेशनचा तांदूळ धुताना काही दाणे तरंगतात, थोडे वेगळे दिसतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका ते काढून टाकतात. अहो, गेल्या काही वर्षांत या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळले गेले, शंभराला एक या प्रमाणात. तुमच्या ८.४ ला नेमकं तेच हवंय. असे दाणे दिसले तर काढू नका, तांदूळ खळखळून चारदा धुवू नका.

आणि वाढण्याचा क्रम बदला. सगळे एकत्र बसा किंवा स्वतःचं ताट आधी वाढून झाकून ठेवा. हे मिस्टरांना सांगायला अवघड जाईल असं वाटतं का? त्यांनी तुमचा रिपोर्ट पाहिलाय का, हे पत्रात कुठेच नाही. दाखवा त्यांना.

मिस्टरांच्या दुपारच्या जेवणाचं: ड्यूटीच्या जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो. काही केंद्रं बंद पडली आहेत, जाऊन बघावं लागेल. वडापाव आणि दोन चहांपेक्षा कधीही बरं.

हिशेब असा जमतो. रेशनचे २० किलो आले तर साधारण ८०० वाचले, नर्सरीचे ७००, मिळून दीड हजार. खाण्याला ४,००० चे ५,५०० झाले, दिवसाला १८३. श्रीमंती नाही, पण वरण घट्ट होईल आणि वही उतरत जाईल. धान्य गावीच ठेवून तिकडे ५०० कमी पाठवलेत तरी बाराशे वाढीव राहतातच.

पण मुळात पगार

हे सगळं करूनही तुम्ही दोघं मिळून जेवढं कष्ट करता त्याचा मोबदला मिळत नाहीये, आणि त्याची भरपाई मसुरीच्या डाळीने व्हायची नाही. महापालिका हद्द किमान वेतनाच्या परिमंडळ एकमध्ये येते. तिथे बहुतेक उद्योगांत अकुशल कामगाराचं किमान वेतनसुद्धा तुमच्या साडेसात हजारांच्या बरंच वर आहे, आणि त्यातला विशेष भत्ता दर जानेवारी-जुलैत बदलतो. मिस्टरांचे ठरलेल्या तासांवरचे तास ओव्हरटाइममध्ये मोडतात, त्याचा दर दुप्पट. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या तरी हे तसंच आहे.

म्हणून उद्याच एजन्सीच्या ऑफिसात जाऊन भांडा असं सांगू का? नाही. एकट्याने भांडणाऱ्याचा पॉइंट, म्हणजे ड्यूटीची जागा, दुसऱ्या दिवशी बदलतो किंवा जातो. आधी कागद जमवा. रोजच्या ड्यूटीची वेळ एका वहीत लिहा, मस्टरचा फोटो, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, ओळखपत्र. पीएफ कापतात म्हणता, तर उमंग ॲपवर पासबुकात खरंच जमा होतोय का पाहा. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना, दहा किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी, ईएसआय म्हणजे कामगार विमा लागू होतो. कामगाराचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे मिस्टरांच्या पगारावर ९४ रुपये, आणि त्यात तुमच्यासह मुलांवर उपचार होतात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालयच आहे. नंबर दिलाय का, हा प्रश्न विचारायला भांडण लागत नाही. तुमच्या पॅकिंगच्या ठिकाणीही विचारा.

त्यानंतर, त्याच गेटवरचे चारपाच जण मिळून एखाद्या कामगार संघटनेमार्फत सहायक कामगार आयुक्तांकडे जा. दुसरी वाट सुरक्षा रक्षक मंडळाची. १९८१ च्या राज्याच्या कायद्याने ही मंडळं आहेत, त्यांच्यामार्फत लागणाऱ्या रक्षकांना पगार, पीएफ, बोनस रीतसर मिळतो. नोंदणी कायम खुली नसते, पण चौकशी करून ठेवायला काय हरकत आहे. तिसरी वाट तुमची. पोळ्यांची कामं जास्तीची म्हणून धरू नका. तीन-चार घरच्या पोळ्यांचे मिळून पॅकिंगपेक्षा जास्त पैसे मिळतात का, याची शेजारच्या सोसायट्यांत चौकशी करा. मिळत असतील तर पॅकिंग सोडून ती धरा. ‘घरकाम’ म्हणून नाक मुरडणारे घरात असतील. साडेसात हजारांत आठ तास उभं राहणं जास्त मानाचं कसं, हे त्यांनी सांगावं.

सगळं एकदम होणार नाही. या आठवड्यात दवाखाना आणि अंगणवाडी. रविवारी मिस्टरांची सुट्टी नसते म्हणालात, तर दिरांना फोन रात्री ड्यूटीवरून आल्यावर. पगाराच्या दिवशी किराणा आधी, मग घरमालक. आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या. १० च्या वर गेलं नाही तर त्याच दवाखान्यात थांबू नका, मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा.